ग्रॅन्बीची उंदीरवाली

‘पा’मधला ऑरो आठवतो? वयाने शाळकरी पोरगा आणि शरीराने म्हातारा. प्रोजेरिया हा आजार आपल्यातल्या बऱ्याच जणांना कळला तो त्या सिनेमामुळे. या आजाराचा अभ्यास आज ज्या काळ्या उंदरांवर चालतो, त्यांची वंशावळ शोधत मागे मागे गेलं की आपण पोचतो अमेरिकेतल्या एका खेड्यात, एका बुडालेल्या पोल्ट्रीपाशी. तिची मालकीण होती ॲबी लॅथ्रॉप.

ॲबीचा जन्म १८६८चा, इलिनॉय राज्यातला. आई-वडील शिक्षक, ती स्वतःही शिक्षिका झाली. पण पर्निशस ॲनिमिया या रक्ताच्या दुखण्याने गाठलं आणि काही वर्षांतच नोकरी सुटली. १९००च्या सुमारास ती मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावात आली. कोंबड्या पाळून बघितल्या, धंदा बसला. मग तिने चक्क उंदीर पाळायला घेतले, हौशी लोकांना विकायला! स्वतःभोवती गरगर फिरणाऱ्या ‘नाचऱ्या’ उंदरांची तेव्हा तिकडे क्रेझ होती. (बिचारे नाचत वगैरे नव्हते, कानातल्या दोषामुळे त्यांचा तोल जायचा.)

एका जोडीपासून सुरू झालेला पसारा पुढे दहा हजारांवर गेला. लाकडी खोकी, पेंढा, खायला ओट्स आणि बिस्किटं. पिंजरे साफ करायला गावातली पोरं, तासाला सात सेंटवर. गिऱ्हाईक मात्र बदललं. १९०२मध्ये हार्वर्डच्या विल्यम कॅसल यांनी आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी तिच्याकडून उंदीर मागवले आणि मग इतर लॅबही तिच्याकडे येऊ लागल्या.

इथपर्यंत ही नुसती धंद्याची गोष्ट. पण ॲबी वह्या ठेवायची. कुठली मादी, कुठला नर, पिल्लं कोणती, सगळं लिहून. १९०८मध्ये काही उंदरांच्या अंगावर तिला गाठी दिसल्या. दुसरा एखादा विक्रेता ते उंदीर फेकून मोकळा झाला असता. हिने नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले. लिओ लोब यांनी तपासून कळवलं, की हा कॅन्सर आहे. मग दोघांनी मिळून प्रयोगच सुरू केले, तेही तिच्या फार्मवर. काही घराण्यांतल्या उंदरांना कॅन्सर जास्त होतो, आणि मादीचं अंडाशय काढलं तर स्तनाच्या गाठींचं प्रमाण घटतं, हे त्यातून दिसलं. दोघांच्या नावावर दहा शोधनिबंध आहेत. कॉलेजची डिग्री नसलेल्या बाईच्या नावावर, त्या काळात!

१९१८मध्ये त्याच ॲनिमियाने ती गेली. पन्नाशीची होती. या आजारावर यकृत खायला देण्याचा उपाय सापडला १९२६मध्ये, तिच्याच राज्यातल्या बोस्टनमध्ये. आठ वर्षं उशीर झाला.

तिचे उंदीर मात्र उरले. कॅसल यांचे विद्यार्थी क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१मध्ये तिच्याकडून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून एक काळा वाण तयार केला. त्यातूनच ‘सी-५७ ब्लॅक-६’ आला. या उंदराचं नाव निघालं की लिटल आठवतात, ॲबी क्वचितच. लिटल यांनी काढलेल्या जॅक्सन लॅबोरेटरीत तिच्या वह्या जपून ठेवल्यात, एवढं तरी झालं.

या वाणात पिढ्यान् पिढ्या भावंडांचाच संकर होतो, त्यामुळे सगळ्यांचे जीन्स जवळपास सारखे. अशा उंदरात एकच जीन बदलला, तर दिसणारा फरक त्या जीनमुळेच आहे असं खात्रीने म्हणता येतं. प्रोजेरियाचं मूळ म्हणजे एलएमएनए या जीनमधली एका अक्षराची चूक, हे २००३मध्ये कळलं. पुढे माणसातला तो बिघडलेला जीन उंदरात घातला गेला. त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधले स्नायू झिजू लागले, आजारी मुलांमध्ये होतं तसंच. एरवी दोन-अडीच वर्षं जगणारा काळा उंदीर, पण हा बिघडलेला जीन दुहेरी मिळाला की साधारण २१५ दिवसांत संपतो. २०२१मध्ये संशोधकांनी ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करणारं एकच इंजेक्शन अशा पिल्लांना दिलं. ती साधारण ५१० दिवस जगली.