तंजावरचे शहाजीराजे : हास्य आणि दरू

व्यंकोजी व दीपाबाई यांचे ज्येष्ठ पुत्र शहाजीराजे १६८४ साली तंजावरच्या गादीवर आले, तेव्हा ते अवघे बारा वर्षांचे होते. राजा मराठी, रयत तमिळ आणि दरबारी वाङ्मय तेलुगू, अशा परिसरात त्यांची लेखणी घडली. १६९३ मध्ये त्यांनी तिरुविशनल्लूर हे गाव विद्वान ब्राह्मणांस अग्रहार दिले. पण त्याच राजाच्या ‘सतीदानशूरमु’ या तेलुगू यक्षगानात विद्वान मोरोभट मन्नारगुडीच्या उत्सवात एका अंत्यज स्त्रीवर भाळतो आणि शिष्यावर गुरूला शास्त्र ऐकविण्याची पाळी येते. मोरोभट हे नाव मराठी वळणाचे, हे लक्षात घ्यावे.

या प्रहसनातला विनोद केवळ शब्दांवर विसंबत नाही. ‘दरू’ या नाट्यगीतांच्या राग-तालांवर तो चालतो; म्हणूनच बहुभाषी प्रेक्षकांना तो पोहोचत असावा. मूकपटातील हास्याला वादकांची साथ मिळाली, ती पुष्कळ पुढे. शहाजींनी रागलक्षणांवरही ग्रंथ रचला. ‘पंचभाषाविलास’मध्ये तर संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू व हिंदी एकाच रंगमंचावर आणल्या.

सांगलीच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून मराठी नाटकाचा आरंभ धरणाऱ्यांना त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ अडचणीत टाकते. १७१२ मध्ये बंधू सरफोजी गादीवर बसले. नाटकांच्या पोथ्या सरस्वती महालात राहिल्या.