माळरानावरचे वसतिगृह : कर्मवीर भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव उच्चारले की पांढरी शुभ्र दाढी, अंगावर जाडीभरडी खादी आणि हातात काठी अशी एक भव्य मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. जयंतीच्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, शिक्षणमहर्षी म्हणून गौरव होतो, रयत शिक्षण संस्थेच्या वटवृक्षाचे वर्णन होते आणि टाळ्यांच्या गजरात कार्यक्रम आटोपतो. त्यांच्या कार्याचा समग्र आढावा घेण्याची माझी योग्यता नाही आणि तसा हेतूही नाही. मला त्यांच्या चरित्रातील एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. अण्णांनी (त्यांना सारे अण्णाच म्हणत) गोरगरिबांच्या मुलांना वर्गात आणून बसविले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच मुलांच्या हाती त्यांनी कुदळ-फावडे दिले आणि त्यांना उघड्या माळावर नेले, ते कशासाठी?

वसतिगृहाचा खर्च भागावा म्हणून, असे उत्तर आपण नेहमी देतो. ते खोटे नाही, पण ते अपुरे आहे असे मला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न मला पडला याचे कारण आपल्या परिसरातच आहे. जाफराबाद तालुक्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या सुट्ट्या कापूस वेचणीत, निंदणीत नाहीतर मका सोंगण्यात जातात. श्रमामुळे चारित्र्य घडते, उघड्या आभाळाखाली मन निर्मळ होते, असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागले की मागच्या बाकांवर हशा पिकतो, आणि तो योग्यच आहे. उन्हातान्हात राबणे ज्यांच्या पाचवीलाच पुजले आहे, त्यांना उन्हाचे महत्त्व काय सांगावे? आमच्या आयाबायांचे चारित्र्य कापसाच्या शेतात घडायचे तर ते केव्हाच घडून झाले आहे! मग ज्या मुलांच्या वाट्याला जन्मापासून राबणेच आले होते, त्यांच्याकडून पुन्हा श्रमच करवून घेऊन अण्णांनी असे काय साधले?

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराणे मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. लहानपणापासून हा मुलगा दांडगा. पोहणे, कुस्ती, मैदानी खेळ यांत पुढे आणि पुस्तकात मागे. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून त्याने रहाटच मोडून टाकल्याची कथा सांगतात. शिक्षणासाठी तो कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात गेला आणि जैन बोर्डिंगात राहिला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्याने नाकारले, म्हणून बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांच्याशी त्याचे बिनसले व त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे शाहू महाराजांचा सहवास लाभला. त्याचा परिणाम जन्मभर टिकला, पण परीक्षेच्या निकालावर मात्र झाला नाही. मॅट्रिकचा उंबरठा भाऊरावांनी ओलांडला नाही.

येथे एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९१४ साली कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासले गेले आणि त्या प्रकरणात लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्यांच्यामुळे बोर्डिंग सुटले, त्यांचेच हे लठ्ठे! साक्ष दिली असती तर सूडही उगवला असता आणि सुटकाही झाली असती. भाऊरावांनी कोठडीतील हाल सोसले, पण खोटी साक्ष दिली नाही. स्वतःच्या अंगावर झेलल्याशिवाय कोणतीच गोष्ट या माणसाला खरी वाटत नसावी, असे हा प्रसंग वाचताना वाटते.

त्यानंतर ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते झाले. चरित्रलेखक हा काळ एकदोन वाक्यांत उरकतात. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. नांगर विकणाऱ्याला बांधावर उभे राहून चालत नाही. त्याला शेतकऱ्याच्या रानात उतरावे लागते, जमीन पाहावी लागते, बैल पाहावे लागतात. गावोगाव हिंडताना त्यांनी रयतेचे दारिद्र्य पाहिले आणि त्या दारिद्र्यामागचे अज्ञानही पाहिले. सत्यशोधक चळवळीशी त्यांचा संबंध होताच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे त्याचे नामकरण त्यांच्या हस्ते झाले.

या वसतिगृहातील जीवन कसे होते? धनिणीच्या बागेत मुले राहत. पहाटे उठणे, व्यायाम, शेतीचे काम, शाळा आणि पुन्हा काम. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा होई, त्यावर मुलांचे पोट चाले. झाडलोट, पाणी भरणे, भाकऱ्या भाजणे यांच्या पाळ्या असत. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सारी मुले एका पंगतीला बसत. पुढे संस्थेला जमिनी मिळाल्या. त्या बहुधा खडकाळ माळाच्या, कारण चांगली जमीन दान देणारे सर्वत्र थोडेच. मुलांनी दगड काढले, बांध घातले, विहिरी खणल्या, झाडे लावली. आपल्या राहण्याच्या इमारतींसाठीही ती राबली.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. बापाबरोबर सावकाराच्या किंवा पाटलाच्या शेतात राबणारा मुलगा आणि बोर्डिंगच्या माळावर दगड फोडणारा मुलगा, यांच्या हातचे काम एकच. घामही तोच. फरक एवढाच की पहिल्या ठिकाणी त्याला कामावर धाडलेले असते, आणि दुसऱ्या ठिकाणी आपण ज्या विहिरीचे पाणी पिणार ती विहीर तो स्वतः खणत असतो. शिवाय पहिल्या ठिकाणी मुकादम सावलीत उभा असतो, तर दुसऱ्या ठिकाणी संस्थेचा प्रमुखच मुलांबरोबर कामात असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजारचे फावडे कोणत्या जातीच्या हातात आहे, हे पाहण्याची तेथे सोय नसते. ज्या मुलाला गावात विहिरीच्या कठड्याजवळ उभे राहण्याची बंदी होती, त्याने खणलेल्या विहिरीचे पाणी सारे वसतिगृह पीत होते. त्या मुलाच्या मनातील न्यूनगंडावर यापेक्षा चांगले औषध कोणत्या वैद्याने दिले असते?

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही एका नाल्यावर वनराई बंधारा घातला. पोत्यांत वाळू भरायची, तोंड शिवायचे आणि साखळी करून पोती पुढे द्यायची. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. दोन वर्षांत त्याने वर्गात तोंड उघडल्याचे मला आठवत नाही. साखळी सारखी तुटू लागली तेव्हा कोणी कोठे उभे राहायचे हे त्याने ठरविले, कारण असले काम त्याने जन्मभर केले होते आणि आम्हां बसस्टँडजवळ राहणाऱ्यांना त्यातले काही कळत नव्हते. चौथ्या दिवशी बंधाऱ्यामागे पाणी तुंबले, तेव्हा सारे त्याच्याकडे पाहत होते. अण्णांच्या चरित्रातील माळरान मला त्या दिवशी थोडेसे कळले.

पश्चिमेकडे याच विचाराची एक निराळी शाखा आढळते. कुर्ट हान हा जर्मन शिक्षणतज्ज्ञ अण्णांहून अवघ्या एका वर्षाने मोठा, जन्म १८८६ चा. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्याला देश सोडावा लागला आणि ब्रिटनमध्ये त्याने पुन्हा शाळा काढली. महायुद्धात जहाजे बुडत असताना तरुण खलाशी लवकर धीर सोडतात आणि वयस्क खलाशी तग धरतात, असे दिसून येत होते. तेव्हा लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या साहाय्याने हानने १९४१ साली वेल्समधील अॅबरडोव्ही येथे तरुणांसाठी साधारण महिनाभराचा शिक्षणक्रम सुरू केला. होडी वल्हवणे, डोंगर चढणे, संकटातील माणसाला वाचविणे, हा त्यातील अभ्यास. हीच पद्धत पुढे अमेरिकेत गेली आणि १९६० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात गुन्हेगारीकडे वळलेल्या काही मुलांना सुधारगृहाऐवजी अशा शिबिरांना पाठवून पाहण्यात आले. आज त्याचे एक शास्त्रच झाले आहे. वंचित वस्त्यांतील किशोरवयीन मुलांना जंगलात, डोंगरात, नदीवर नेतात आणि तेथे त्यांच्या मनावर उपचार करतात.

त्यामागचे तत्त्व सोपे आहे. दहाबारा जणांचा गट, एक अवघड काम, आणि त्या कामाचा डोळ्यांना दिसणारा परिणाम. दोर नीट बांधला नाही तर तो सुटतो. तेथे वशिला चालत नाही आणि कोणाचे आडनावही विचारले जात नाही. ज्याला साऱ्यांनी कुचकामी ठरविले होते, त्याच्या हातात दुसऱ्याचा जीव येतो आणि तो ताठ उभा राहतो. माळावरची विहीर आणि डोंगरावरचा दोर यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. साताऱ्यातील वसतिगृह अॅबरडोव्हीच्या सतरा वर्षे आधीचे आहे, हे मात्र नमूद केले पाहिजे.

परंतु एका बाबतीत अण्णांची पद्धत मला अधिक पक्की वाटते. शिबिर कितीही उत्तम असले तरी महिन्याभराने मुलगा आपल्या जुन्याच गल्लीत परततो. तेथे ना काम बदललेले असते, ना माणसे. अण्णांच्या वसतिगृहात मुलगा वर्षानुवर्षे राही आणि बाहेर पडताना त्याच्या हाती शिक्षण असे. हानच्या शाळेत राजघराण्यातील मुलेही शिकली. अण्णांच्या मुलांना घरी भाकरीची भ्रांत होती. त्यांना डोंगर नवा नव्हता. त्यांना नवी होती ती पंगत.

या पंगतीची किंमत कोणी मोजली हेही पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाई सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या होत्या. अस्पृश्य मुले घरात वावरणे त्यांना प्रथम जड गेले, पण पुढे त्याच या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपले तेव्हा त्यांनी दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही विकावयास दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेची भरभराट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आपल्या समारंभांत अण्णांच्या प्रतिमेशेजारी त्यांची प्रतिमा क्वचितच दिसते, हे मला बरे वाटत नाही.

१९३२ मध्ये पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू झाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल ही कमवा आणि शिका या तत्त्वावरील मोफत वसतिगृहयुक्त माध्यमिक शाळा निघाली आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. सकाळी शेतात खपणारा विद्यार्थी दुपारी शेक्सपिअर वाचू लागला. शिक्षण घेतले की हाताला माती लागता कामा नये, ही आपल्याकडील जुनी समजूत या कॉलेजाने मोडून काढली.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. श्रीमंताच्या मुलाने नुसते शिकावे आणि गरिबाच्या मुलाने राबून शिकावे, हा कोणता न्याय? वर्गात याविषयी चर्चा निघाली तेव्हा एका मैत्रिणीने हा प्रश्न विचारला होता. मला तो पूर्णपणे खोडता येत नाही. सरकारने प्रत्येकाच्या शिक्षणाची तरतूद केली असती तर अण्णांना मुलांच्या हाती कुदळ देण्याची गरज पडली नसती, हे खरेच आहे. तथापि, श्रम हा दंड म्हणून दिला की तो माणसाला वाकवितो आणि मालकी म्हणून दिला की उभा करतो, हा भेद अण्णांनी ओळखला होता. आज कित्येक महाविद्यालयांत कमवा व शिका योजना आहे, पण पुष्कळ ठिकाणी तिच्यातील विद्यार्थी कपाटांवरची धूळ झटकतात आणि पुस्तकांना चिठ्ठ्या डकवितात. कुदळीची जागा गोंदाच्या बाटलीने घेतली आहे! चार पैसे मिळतात, त्यांची गरजही असते. मात्र योजनेतील मुलगा कोणता हे साऱ्या कॉलेजला लगेच ओळखू येते, कारण बाकीच्यांपैकी कोणीच त्याच्याबरोबर धूळ झटकीत नाही. अण्णांच्या बोर्डिंगात असे ओळखू येणे शक्यच नव्हते.

१९५४ साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय उभे राहिले. निरक्षर संताचे नाव महाविद्यालयाला देण्याचे हे धाडस अण्णाच करू जाणोत. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या या माणसाला डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्यानंतर लवकरच, ९ मे १९५९ रोजी, अण्णांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात संस्थेच्या आवारातच आहे.