कोठीची किल्ली आणि लक्ष्मणराव

उन्हाळा लागला की आपल्या खानदेशात धाबी, गच्च्या कुरडया-बिबड्यांनी भरून जातात. पारोळ्याजवळच्या एका गावात बारा बायकांचा बचत गट आहे. पापड, शेवया करून त्या जळगाव, धुळ्याच्या प्रदर्शनात विकतात. मी त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा जाते. पहिल्या वर्षी माल हातोहात गेला. दुसऱ्या वर्षी उधारी थकली, पापडखार कमीजास्त झाला, गिऱ्हाइकं तुटली. गट बंद करायची भाषा सुरू झाली. त्या दिवशी घरी येताना मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. नाव आपण सगळ्याच जणी ऐकून असतो, पण सुरुवात कशी झाली ते फारसं माहीत नसतं.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत. दुसरा कोणी रडत घरी परतला असता. हे यंत्रांची रेखाटनं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवू लागले. १८८८ मध्ये भाऊ रामुअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. हे मुंबईहून सायकल पाठवायचे, रामुअण्णा ती विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले.

सायकल विकून भागेना, म्हणून स्वतः वस्तू बनवायची ठरवली. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. आपली काळी कपाशीची जमीन लाकडी नांगराने किती वरवर उकरली जाते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला वेगळं सांगायला नको. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा लोकांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं, मैत्रिणींनो! आमच्या गटाचा धीर एका हंगामात सुटला होता.

नांगर खपू लागले, तर बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळरान दिलं, कर्जाची सोय करून दिली. जागा कशी, तर निवडुंग आणि नाग. १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांच्या बायका-मुलांना घेऊन लक्ष्मणराव तिथे गेले. तीच सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. आपल्या आया-आज्या वाचायच्या ते ‘स्त्री’ मासिकही १९३० मध्ये याच वाडीतून निघालं, लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या हातून.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती माणसं जोडायची रीत. शाळा अर्धवट सोडलेल्यांनाही त्यांनी जबाबदारीची कामं दिली. रामुअण्णा वसाहतीचा कारभार बघत, मंगेशराव रेगे हिशेब. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही, हा नियम. आणि रात्रीच्या राखणीला ठेवली ती माणसं कोण? तुरुंग भोगून आलेली! ज्यांच्यावर गावाचा विश्वास नव्हता, त्यांच्याच हाती कारखाना सोपवून लक्ष्मणराव झोपायला जात.

इथेच माझी मान खाली गेली. आमच्या गटात एक जण आहे, तिचा नवरा तुरुंगात आहे. हात इतका सारखा, की तिचे पापड तराजूत घालायची गरज नाही. सातवीपर्यंत शिकली, पण उधारी कोणाकडे किती, तोंडपाठ. कोठीची किल्ली तिच्याकडे ठेवू, असा विषय निघाला तेव्हा बाकीच्यांनी तोंडं फिरवली. मीही गप्प बसले. शिकलेली, समाजकार्य करणारी मी! किल्ली मिळाली ती गटाला वेळ न देणाऱ्या बाईला, आणि हिशेब बिघडला तोही तिथूनच.

मागच्या बैठकीत मी लक्ष्मणरावांची ही गोष्ट सांगितली आणि मी गप्प बसले ते चुकलं, हेही सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सगळ्यात वयस्कर आजीने कनवटीची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली. पीठ आणि पापडखार मोजून घ्यायचा, उधारी वहीत लिहायची, नफ्यातला थोडा भाग पुढच्या उडदासाठी बाजूला काढायचा, एवढं ठरलं. दोघी नाराज होऊन उठून गेल्या, तेही खरं.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं. आमचा गट तगेल का, हे या उन्हाळ्यात कळेल. पण बायांनो, तुमच्या गटातली कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, आणि का, एवढं एकदा बघाच.