तीस ध्वजांचा वैमानिक

ऑक्टोबर १९४४ मधलं एक कृष्णधवल छायाचित्र माझ्यासमोर आहे. ‘एसेक्स’ या अमेरिकन विमानवाहू नौकेवर हेलकॅट विमानात कमांडर डेव्हिड मॅककॅम्पबेल बसला आहे. विमानाच्या अंगावर चिमुकले जपानी ध्वज रंगवलेले. मी मोजले, तीस भरले. पाडलेल्या एकेका विमानाचा एकेक. त्या विमानांतही कुणी बसलेलं होतं; त्यांची छायाचित्रं माझ्याकडे नाहीत.

अलाबामातला हा मुलगा १९३३ साली नौदल अकादमीतून बाहेर पडला, तर मंदीमुळे सरकारकडे नेमणूकच नव्हती! वर्षभर थांबावं लागलं.

मला त्याची भुरळ पडते ती मात्र मे १९४२ मधल्या प्रसंगाने. तेव्हा ‘वास्प’ नौकेवर उतरणाऱ्या विमानांना तो हाताने खुणा करी. माल्टाकडे निघालेल्या एका स्पिटफायरची जादा टाकी बिघडली. नौकेवर विमान अडकवून थांबवणारा आकडाच त्याला नव्हता. मॅककॅम्पबेलने खुणा करकरून ते उतरवलं. कडेपासून काही फुटांवर थांबलं. पोरगा वाचला. याचा ध्वज कुठे रंगवत नाहीत.

२४ ऑक्टोबर १९४४ ला लेते आखाताच्या लढाईत एकाच साथीदारासह तो साठेक विमानांवर तुटून पडला आणि नऊ पाडली. ‘लँग्ली’वर उतरला तेव्हा इंधन संपतच आलं होतं. जानेवारी १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मेडल ऑफ ऑनर दिलं. एकूण आकडा ३४; अमेरिकन नौदलात तो कुणी ओलांडलेला नाही.

युद्धानंतर तो ‘बॉनहोम रिचर्ड’ या विमानवाहू नौकेचा कप्तान झाला, १९६४ मध्ये निवृत्त झाला आणि १९९६ मध्ये फ्लोरिडात वारला.