हिस्लॉपचे दगड आणि त्यांचे गाव

नागपुरात हिस्लॉप म्हटले की कॉलेज आठवते. टेंपल रोडवरचे हे कॉलेज १८८३ मध्ये निघाले, तेव्हा स्टीफन हिस्लॉप यांना जाऊन वीस वर्षे झाली होती. मला मात्र ते दगड गोळा करणारे पाद्री म्हणूनच अधिक जवळचे वाटतात.

स्कॉटलंडमधल्या डन्स गावी १८१७ मध्ये जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले ते धर्मप्रचारासाठी. १८५१ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळीकडे फिरताना त्यांना काळ्या दगडाच्या थरांमध्ये दबलेले जीवाश्म सापडले, आणि मग त्यांना नादच लागला. गोड्या पाण्यातले शंख, बिया, किडे! लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात इथे तळी होती, असा त्याचा अर्थ. दक्षिणेला मांगलीहून एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले.

डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांनी १८५९ मध्ये नागपूरकडच्या दोन खनिजांना हिस्लॉपाइट आणि हंटराइट अशी नावे दिली. पुढे कळले की पहिले म्हणजे हिरवट छटेचे कॅल्साइट आणि दुसरे एक प्रकारची माती. आज ही नावे स्वतंत्र खनिजांची मानत नाहीत.

पण मला अडचण वाटते ती गावाची. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या खाणींतले कितीतरी जुने नमुने नुसत्या ‘कॉर्नवॉल’ या चिठ्ठीनिशी संग्रहालयांत पडून आहेत. खाण कोणती, पत्ता नाही. आपल्याकडे तर ‘नागपूर’ या शब्दाचा पसारा त्याहून मोठा. १८५४ पर्यंत नागपूर म्हणजे भोसल्यांचे सारे राज्य, चांद्यापासून छत्तीसगडपर्यंत. हिस्लॉप यांनी पाठवलेल्या वनस्पती-जीवाश्मांवर बनबरी यांनी १८६१ मध्ये निबंध लिहिला; मथळ्यात गाव एकच, नागपूर. हिस्लॉप स्वतः टाकळी, सिलेवाडा, कामठी अशी गावे नोंदवत होते, म्हणून बरे. त्यांच्या लेखांशी ताडून पाहिले तर एखाद्या नमुन्याचे शिवार सापडू शकते. ज्या दगडाची अशी नोंदच नाही, तो थरातून उपटलेला, पोरका.

४ सप्टेंबर १८६३ रोजी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून हिस्लॉप बोरीची शाळा तपासायला मागे राहिले. परतताना फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस होते. त्यांची आदिवासींवरील टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. दगडांबद्दल विचारावे, तर हंटर केव्हाच मायदेशी परतले होते.