सुश्रुत : सरावाविना शस्त्र हाती न देणारे आचार्य

नवी दिल्लीतील सरोजिनी नगरनजीकच्या सफदरजंग रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांवरील उपचार आणि प्लास्टिक सर्जरीचा मोठा विभाग आहे. या शाखेतील नवशिक्या शल्यचिकित्सकाने नाजूक काम आधी कशावर करून पाहावे, या प्रश्नाचे उत्तर आचार्य सुश्रुतांनी प्राचीन काळीच दिले होते.

संहितेनुसार सुश्रुत हे विश्वामित्रांचे पुत्र. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांच्याकडे त्यांनी सहाध्यायांसह शल्यतंत्राचे शिक्षण घेतले. परंपरेने त्यांचा काळ इसवी सनपूर्व सहावे शतक मानला जातो. त्यांच्या नावाच्या संहितेचे १८६ अध्यायांचे प्रचलित स्वरूप पुढील शतकांत सिद्ध झाले, असे अभ्यासक मानतात.

शास्त्र मुखोद्गत असले, तरी सराव न केलेला शिष्य शस्त्रकर्मास अपात्र, असा त्यांचा दंडक होता. या सरावाला त्यांनी ‘योग्या’ म्हटले. छेदनासाठी कोहळा, दुध्या भोपळा व काकडी, तर भेदनासाठी पाणी आणि चिखल भरलेल्या कातडी पिशव्या वापरल्या जात. शिरावेध मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर, तर दात काढणे मृत जनावरांच्या दातांवर शिकवले जाई. कानाची तुटलेली पाळी जोडण्याचा सराव मऊ मांसखंडांवर होत असे.

नाक कापणे ही त्या काळी शिक्षा होती. अशा रुग्णाला गालाची त्वचा वळवून नवे नाक देण्याची, श्वासासाठी नळ्या बसवण्याची रीत संहितेत वर्णिली आहे. आठव्या शतकात या ग्रंथाचे अरबी भाषांतर झाले. टिपू सुलतानच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानावर पुण्यात कपाळाच्या त्वचेने झालेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातूनच प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तेथे अशी शस्त्रक्रिया केली.

आज सूक्ष्मशल्यचिकित्सेचे विद्यार्थी उंदराच्या सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिनीवर टाके घालायला शिकतात. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे नियंत्रण आहे. त्यामुळे प्रारंभिक सरावासाठी कोंबडीचे मांस आणि सिलिकॉनच्या नळ्याही वापरल्या जातात. सुश्रुतांच्या सरावाच्या यादीत जिवंत प्राणी नव्हता, हे या संदर्भात लक्षणीय आहे. शिकाऊ हाताची पहिली चूक रुग्णाच्या देहावर होऊ नये, हा त्यांचा आग्रह मात्र आजही तितकाच लागू आहे.