शाळा झाडायची कुणी? कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात दिलेलं उत्तर

गावातली शाळा सकाळी उघडली की घंटेच्या आधी खराट्याचा आवाज येतो. कुठे शिपाई झाडतो, कुठे गुरुजी, आणि बहुतेक ठिकाणी पोरं. शाळा झाडायची कुणी, पाणी भरायचं कुणी, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात एका माणसाला हा प्रश्न अजिबात किरकोळ वाटला नाही. त्या माणसाचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील. रयतेने त्यांना कर्मवीर केलं, पोरांनी अण्णा.

अण्णांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन, शेतकरी. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून, त्यामुळे बदली होईल तिथे शाळा. अभ्यासात अण्णा फार पुढे नव्हते, मॅट्रिकही झाले नाहीत. पुढे ज्या माणसाच्या संस्थेतून हजारो पदवीधर बाहेर पडले, त्याच्या स्वतःच्या हातात पदवी नव्हती. अंगाने मात्र दांडगे, तालमीत रमणारे, आणि अन्याय दिसला की हात शिवशिवणारे. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत म्हणून लहानपणी त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, ही गोष्ट त्या भागात आजही सांगतात.

कोल्हापुरात शिकायला गेले तेव्हा ते जैन बोर्डिंगात राहत होते. 1908 मध्ये शाहू महाराजांच्या राज्यात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या कार्यक्रमाला अण्णा गेले. परत आल्यावर विटाळ झाला म्हणून आंघोळ करायचा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही. बोर्डिंगातून त्यांना काढून टाकलं. बोर्डिंगचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे काही वर्षांनी कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण गाजलं आणि संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी अण्णांवर दबाव आणला. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढलं त्याच्याविरुद्ध बोलायची आयती संधी होती. अण्णा बोलले नाहीत. तुरुंगात गेले, हाल सोसले, पण खोट्या कागदावर सही केली नाही.

त्याच्या आधी, तरुणपणी, इस्लामपूरच्या शाळेत त्यांना वर्गाबाहेर बसलेला एक मुलगा दिसला. वर्गात जागा होती, पण जातीमुळे त्याला आत बसू देत नव्हते. अण्णांनी त्याला सोबत घेतलं आणि थेट कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेवलं. तोच मुलगा, ज्ञानदेव घोलप, पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचा सदस्य झाला.

पोटापाण्यासाठी अण्णांनी बरंच काही केलं. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणायचे. मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. ओगल्यांच्या काच कारखान्याचं काम केलं, साताऱ्याच्या कूपर कारखान्यातही राबले. नांगर विकताना शेतकऱ्याच्या ओट्यावर बसणं व्हायचं, आणि त्या ओट्यावर त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. पोरगं हुशार असतं, पण गावात शाळा नसते. शाळा असलीच तर चौथीपुढे नसते. पुढे शिकायला शहरात जावं तर राहायचं कुठे आणि खायचं काय? शाळेपेक्षा राहण्याखाण्याची अडचण मोठी आहे, हे अण्णांनी तिथेच ओळखलं.

दूधगाव, नेर्ले, काले अशा गावांत वसतिगृहाचे प्रयोग झाले. 4 ऑक्टोबर 1919 ला कराड तालुक्यातल्या काले गावात सत्यशोधक मंडळींच्या साक्षीने रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 मध्ये संस्थेचं ठाणं साताऱ्याला हललं आणि तिथे बोर्डिंग सुरू झालं. सुरुवातीची मुलं मोजकी, आणि ती राहायची अण्णांच्या घरातच.

आता मुद्द्याची गोष्ट. या बोर्डिंगात मराठा, जैन, महार, मांग, मुसलमान, सगळ्या जातीधर्मांची पोरं एकत्र राहणार होती. तेव्हा वसतिगृहं बहुतेक जातीजातींची असायची. प्रत्येकाचा स्वयंपाकी वेगळा, पाणक्या वेगळा, आणि झाडायला, मैला उचलायला ठरलेल्या जातीची माणसं. कुठल्या कामाला कुठली जात हे ठरवून आलेलं होतं. एकत्र बोर्डिंग काढलं आणि झाडायला जुन्याच माणसाला लावलं, तर पोरं एका पंगतीत जेवतील खरी, पण घाण काढणारा कोण आणि करणारा कोण ही वाटणी तशीच राहील.

अण्णांनी बोर्डिंगात नोकर ठेवायचंच टाळलं. खोल्या आणि अंगण झाडणं, पाणी आणणं, दळण, स्वयंपाक, खरकटी भांडी, जनावरांचं शेण, शेतातलं काम, सगळं पोरांनीच करायचं आणि पाळीपाळीने करायचं. पाटलाचा मुलगा आणि महारवाड्यातला मुलगा एकाच चुलीपुढे बसायचे. आज ज्याच्या हातात पुस्तक, उद्या त्याच्याच हातात झाडू.

यामागे आदर्श होता, तसा रोकडा हिशेबही होता, आणि तो लपवायची गरज नाही. पैसा नव्हता. फी देणारी पोरं कमी. आचारी, गडी, झाडूवाला यांचे पगार द्यायचे तर त्या पैशात निम्मी पोरं घरी पाठवावी लागली असती. धान्यासाठी मुष्टीफंड निघाला. घरोघरी बायका दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायच्या, ते गोळा होऊन बोर्डिंगात यायचं. तरीही चूल पेटेना झाली की अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले जायचे. एकेक करत सगळे गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या या बाईने सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या स्वयंपाकघरात घेतलं, त्यांचं आजारपण काढलं. पोरं त्यांना वहिनी म्हणायची. 1930 मध्ये त्या गेल्या. रयतच्या इतिहासात अण्णांचे पुतळे गावोगाव झाले, पण त्या पहिल्या चुलीपुढे कोण बसलं होतं हे जरा कमीच सांगितलं जातं.

फेब्रुवारी 1927 मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहतात, एकत्र रांधतात, हे गांधीजींनी डोळ्यांनी पाहिलं. आश्रमात जे करायला त्यांना मोठा खटाटोप करावा लागला होता, ते साताऱ्यात शेतकऱ्यांची पोरं बिनबोभाट करत होती.

तो काळच असा होता की झाडू हा साधा झाडू राहिला नव्हता. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपल्याला द्यावं अशी मागणी केली. ते ब्राह्मण, म्हणून तुरुंगवाल्यांनी नकार दिला. त्यावर त्यांनी उपोषण मांडलं, आणि येरवड्यात कैदेत असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण धरलं. घाण काढायचा हक्क मागण्यासाठी माणसाला उपाशी राहावं लागलं. इकडे गाडगेबाबा तर गावात पाय ठेवला की आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे.

बोर्डिंगातून तयार झालेली पोरं पुढे मास्तर झाली. 1935 मध्ये साताऱ्यात मास्तर घडवणारं ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. मग ज्या खेड्यात सरकारची शाळा पोहोचलेली नाही तिथे व्हॉलंटरी शाळा निघाल्या. त्यांची संख्या 578 पर्यंत गेली. या शाळांना इमारती नव्हत्या. कुठे मारुतीचं देऊळ, कुठे चावडी, कुठे कुणाचा गोठा. अशा ठिकाणी शिपाई कुठला? बोर्डिंगात झाडायला शिकलेल्या मास्तराला देऊळ झाडून वर्ग भरवायला लाज वाटायचं कारण नव्हतं, आणि याचा उपयोग किती झाला असेल ते ज्याने एकशिक्षकी शाळा पाहिली आहे त्याला सांगायला नको.

1940 मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. इथे कमवा आणि शिका ही पद्धत पक्की झाली. पोरांनी शेतात, बांधकामावर, माळावर राबायचं आणि त्या कामातून आपलं शिक्षण काढायचं. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आलं, तिथेही हेच. कॉलेजात शिकणाऱ्या पोराच्या डोक्यावर पाटी आणि हातात कुदळ पाहून शहरातली माणसं थबकायची.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण अण्णांचं नाव घेऊन आज कुठलीही शाळा पोरांच्या हातात झाडू देऊ शकते. अण्णांच्या बोर्डिंगात काम सगळ्यांना होतं आणि पाळीने होतं. स्वतः अण्णा अनवाणी, खादीच्या कपड्यांत पोरांबरोबर वावरायचे. जिथे झाडायला कायम मुलीच आणि बाकं उचलायला मुलगे, किंवा संडास धुवायला ठरावीक वस्तीतलीच पोरं पाठवली जातात, तिथे अण्णांनी मोडलेलीच रीत पुन्हा चालू झालेली असते. देशात वेगवेगळ्या राज्यांतून अशा बातम्या अधूनमधून येतात.

दुसरं, पोरं झाडतात म्हणून सरकारने हात झटकणं हे वेगळंच प्रकरण आहे. अण्णांनी नोकर ठेवले नाहीत कारण त्यांच्याकडे पैसे नव्हते, आणि असलेला प्रत्येक रुपया पोरांच्या भाकरीत जायचा. आज जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांत शिपाई नाही. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं. 30 च्या वर आणि 100 पर्यंत पट असलेल्या शाळेसाठी ते वर्षाला 25,000 रुपये ठरलेलं आहे, आणि त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. म्हणजे वर्षाला 2,500, महिन्याला दोनशेच्या आसपास. त्यात फिनेल, खराटा, साबण येईल, पण रोज संडास धुणारा माणूस येणार नाही. अनुदानित माध्यमिक शाळांतही डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने चतुर्थश्रेणीची पदं रिकामी होतील तशी न भरता त्याऐवजी शिपाई भत्ता द्यायचं ठरलं. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी हा खर्चाचा कागद एकदा मागून पाहायला हरकत नाही.

असो. अण्णांच्या गोष्टीकडे परत.

1948 मध्ये संस्थेवर मोठं संकट आलं. अण्णा स्पष्ट बोलणारे, सरकारवर टीका करताना मागेपुढे न पाहणारे. मुंबई सरकारने रयतचं अनुदान बंद केलं. शेकडो शाळा, हजारो पोरं, आणि हातात काही नाही. अण्णा पुन्हा गावोगाव फिरले. लोकांनी धान्य दिलं, पैसे दिले, मास्तरांनी ओढाताण सोसली. याच काळात अण्णांनी गांधीजींच्या नावाने 101 हायस्कुलं काढायचा संकल्प केला. अनुदान परत सुरू व्हावं म्हणून ज्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला ते होते गाडगेबाबा. हातात खराटा आणि अंगावर चिंध्या असलेल्या माणसाचा शब्द सरकारला मोडता आला नाही. अनुदान सुरू झालं.

1954 मध्ये रयतने कराडला कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांच्या नावाचं कॉलेज. गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 ला गेले.

1959 मध्ये सरकारने अण्णांना पद्मभूषण दिलं, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. तोवर तब्येत ढासळली होती. 9 मे 1959 ला पुण्यात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. जयंतीला आणि पुण्यतिथीला रयतची पोरं तिथे येतात.

पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत आजही कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना चालते. खेड्यातून आलेली पोरंपोरी तासिका संपल्यावर आवार स्वच्छ करतात, झाडांना पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात. फरक इतकाच की आता तासाप्रमाणे मानधन मिळतं, आणि महिन्याच्या शेवटी ते खात्यावर जमा होतं. खोलीभाडं आणि मेस भागवायला अनेकांना त्याचाच आधार असतो.